दोन जिवांची फटफटी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला यंत्रातले कोण विचारणार? पण आमच्या भाच्याच्या लेखी एम. ए. झालेल्या मामाला सगळेच कळते! औसा तालुक्यातल्या शेतावरून तो रोज पहाटे फटफटीवर दुधाचे कॅन लादून लातूरला नेतो. गेल्या पावसाळ्यात गाडी पाणंदीत रुतली, कॅन कलंडले आणि दिवसाची कमाई काळ्या मातीने पिऊन टाकली. परवा तो नांदेडला आला तो हाच विषय घेऊन. "मामा, पेट्रोलच्या गाडीला बॅटरीची मोटारही जोडली तर? सोयाबीनचे पैसे आलेत. तुम्ही हो म्हणा, की बसवतो."

पैशाचा प्रश्न आला की थट्टा संपते. मी वाचायला बसलो.

कल्पना खुळी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली गाडी आठवते ना? पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! रेल्वेचे असले डिझेल इंजिन स्वतः चाके फिरवीत नाही. ते वीज तयार करते आणि त्या विजेवर मोटारी चाके फिरवतात. कारण विजेची मोटार उभ्या जागेवरूनच भरपूर जोर लावते.

मग फटफटीने काय घोडे मारले? कावासाकीने २०२३ मध्ये ४५१ सीसीची अशी संकरित मोटारसायकल दाखवलीही. पण वजन सव्वादोनशे किलोंच्या वर. आपली शंभर सीसीची गाडी भरते एकशे दहाच्या आसपास. यामाहाने मार्च २०२५ मध्ये भारतात आणलेली १४९ सीसीची गाडी हलकी खरी, पण तिची छोटी मोटार निघताना काय तो हात देते.

मेख आहे ती वजनात. रुळावर इंजिनाचे शंभर टनांहून अधिक वजन कामी येते; त्यानेच पोलादी चाकाला पकड मिळते. चिखलात मात्र वजन वैरी. काळी माती पाण्याने फुगते, मडगार्डखाली दाटते आणि चाकच धरून ठेवते. तिथे जोर नव्हे, पकड कमी पडते. एक लिटर पेट्रोल भरते पाऊण किलो. तेवढेच काम करायला बॅटरी लागते दहा-पंधरा किलोंची. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवणे हा संकरित गाडीचा मोठा फायदा, पण तो शहरातल्या सिग्नलवर. पाणंदीत ब्रेक लावायचे काम मातीच करते! शिवाय नोंदलेल्या गाडीत परवानगीवाचून असा बदल कायद्यालाही मान्य नाही.

मी भाच्याला म्हटले, "मोटार नको. खोल नक्षीचे टायर घे, मडगार्ड उंच करून घे, आणि उरल्या पैशांत पाणंदीवर मुरूम टाक."

"मामा, त्याचा फायदा तर साऱ्या गावाला होईल!"

"मग वर्गणीही साऱ्या गावाकडून घे."

दिवाळीनंतर त्याने बैठक बोलावली आहे. अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच. एम. ए. झालेला मामा आणखी कशाला असतो?