वजन वाढवा, पण कारण सांगा!

फ्रान्समधील ल माँची २४ तासांची मोटार शर्यत १९२३ साली सुरू झाली. २०२३ च्या शताब्दी शर्यतीला जेमतेम दहा दिवस उरले असताना नियामकांनी फर्मान काढले. टोयोटाच्या गाडीवर ३७ किलो, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शेवर ३ किलो जादा वजन! २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे टोयोटा जिंकली होती. २०२३ ला फेरारी जिंकली, टोयोटा दुसरी आली.

या पद्धतीला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ म्हणतात. गाडीचे किमान वजन, इंजिनाची शक्ती आणि वापरता येणारी ऊर्जा कमीजास्त करून वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या एका पातळीवर आणायच्या. हेतू वाईट नाही. हे बंधन नसेल तर ज्याची तिजोरी मोठी तोच जिंकेल आणि बाकीचे मैदान सोडतील. २०२३ ला इतक्या कंपन्या एकत्र उतरल्या, त्यामागे ही हमीही होतीच.

मग आक्षेप कशाला? आक्षेप वजनाला नाही, कार्यपद्धतीला आहे. टोयोटा ३७ किलोंमुळेच हरली, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेवटच्या दोन तासांत तिच्या चालकाची गाडी घसरून आदळली होती. पण निकालाबद्दल अशी शंका उरणे, हाच या व्यवस्थेचा पराभव आहे.

कायद्याचा साधा विद्यार्थीही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे जाणतो. ज्याचे नुकसान होणार त्याचे म्हणणे ऐका, निर्णयाची कारणे द्या, आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका. इथे काय घडते? नियम ठरवते आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ आणि शर्यतीचा आयोजक क्लब. चुरस रंगावी, कंपन्या टिकाव्यात, यात आयोजकांचा स्वतःचा हितसंबंध आहे. त्याहून गंभीर म्हणजे, या समतोलावर जाहीर भाष्य करण्यास स्पर्धकांना नियमानेच मनाई आहे. ज्याच्या पाठीवर ओझे, त्याच्याच तोंडाला कुलूप!

उपाय अवघड नाही. मोजमापाची आकडेवारी आणि सूत्र जाहीर करा. बदलाची मुदत आधी ठरवा आणि ती पाळा. निर्णय हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांकडे सोपवा. आणि हरणाऱ्याला बोलू द्या.

दुबळ्याला हात देणारा नियम न्याय्य असू शकतो. पण बंद दाराआड केलेला न्याय हा न्याय वाटत नाही, मेहेरबानी वाटते.