‘फोटोशॉप टाकून मिळेल का?’

मी शनिवार-रविवारी फोटोग्राफी शिकवते. नवा कॅमेरा घेतलेल्या मुलांचे फोन वर्षभर येतात आणि त्यातलं एक वाक्य आता मला पाठ झालंय: “मॅडम, लॅपटॉपवर फोटोशॉप टाकून मिळेल का? त्याशिवाय एडिटिंग कसं करणार?” टाकून मिळेल का, म्हणजे विकत नव्हे. क्रॅक केलेलं, दुकानदारानं विंडोजबरोबर दोन-तीनशे रुपयांत टाकून दिलेलं. कॅमेऱ्याचे हप्ते अजून फिटायचेत, सॉफ्टवेअरला पैसे कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. पण फोटो सुधारायला फोटोशॉपच लागतं आणि क्रॅक म्हणजे फुकट, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या इतक्या घट्ट बसल्यात की दर नव्या तुकडीला मला पहिला तास त्यांच्यावरच घालवावा लागतो.

थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी लिहिलेलं फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं. चित्रातला एकेक पिक्सेल हाताळणं, एका फोटोवर दुसरा बसवणं, पार्श्वभूमी कापणं, अक्षरं टाकणं हे त्याचं मूळ काम, आणि त्यात ते आजही अव्वल आहे. नवशिक्याचं काम मात्र वेगळं असतं. उजेड कमी-जास्त करायचा, पिवळेपणा काढायचा, क्षितिज सरळ करायचं, सावलीतला चेहरा उजळायचा, नॉइज कमी करायचा. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे जेपीईजी होण्याआधीची कच्ची माहिती, फोटोशॉपमध्ये उघडली की आधी ‘कॅमेरा रॉ’ नावाची वेगळीच खिडकी येते आणि ही सगळी कामं तिथंच होतात. फोटोग्राफरची गरज वेगळी आहे हे खुद्द ॲडोबीनं ओळखलं आणि 2007 मध्ये लाइटरूम नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर आणलं. फोटोशॉप बनवणाऱ्या कंपनीला जे कळलं, ते आपल्याकडे अजून का पोचत नाही, याचा मला खरंच राग येतो.

एक उदाहरण देते. सोमवती अमावास्येला माझा एक विद्यार्थी जेजुरीला गेला होता. भंडारा उधळतानाचा क्षण त्यानं नेमका टिपला, पण फोटोत भंडाऱ्याच्या जागी नुसता सपाट पिवळा डाग. ना कण, ना ढग. “फोटोशॉप असतं तर झालं असतं,” तो म्हणाला. झालं नसतं, कारण त्यानं फक्त जेपीईजी काढली होती. जेपीईजीत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात. कॅमेरा जेपीईजी बनवताना रंग चढवतो आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो. भर उन्हातल्या हळदीसारख्या पिवळ्यात लाल रंग चटकन शेवटच्या पायरीला टेकतो. मग तिथले सगळे कण एकाच आकड्यावर येतात आणि फरकच उरत नाही. उरलाच नाही तो फरक कुठलं सॉफ्टवेअर परत आणणार?

14 बिटच्या रॉ फाइलमध्ये अशा 16,384 पायऱ्या असतात, आणि जेपीईजीत गेलेला तपशील तिथं बऱ्याचदा शाबूत असतो. पुढच्या खेपेला त्यानं रॉ फोटो काढले, एक्स्पोजर थोडं कमी ठेवलं. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ती फाइल उघडली, हायलाइट्स खाली आणले, व्हाइट बॅलन्स नीट केला, आणि पिवळ्या ढगातले कण सुटे दिसू लागले. हेच काम लाइटरूममध्ये झालं असतं, कॅमेरा रॉमध्येही झालं असतं. फरक पडला तो रॉमुळे आणि एक्स्पोजरमुळे. रंग सेन्सरवरच जळला असता तर मात्र रॉ फाइलसुद्धा कामी आली नसती.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना कॅमेरा कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप. त्या-त्या कॅमेरेवाल्यांना ही मोफत मिळतात. त्या कंपनीचे रंग त्यांना बिनचूक कळतात, आणि बहुतेकांना ती आहेत हेच माहीत नसतं. दुकानदार सांगत नाही, मित्र सांगत नाहीत. हात बसला की डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या. डार्कटेबल पहिले दोन आठवडे अवघड वाटेल, हे आधीच सांगते. मॉड्यूलांची यादी बघून घाबरायला होतं. त्यातले एक्स्पोजर, रंग, क्रॉप, नॉइज आणि मास्क एवढेच धरा, बाकी तूर्त विसरा. तुम्ही केलेले बदल एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये साठतात आणि मूळ रॉ जशीच्या तशी राहते, त्यामुळे चुकायची भीती नाही.

लेअर लावायचे, मागची विजेची तार खोडायची, असं पिक्सेलपातळीचं काम निघालं तर जिम्प आहे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही पूर्ण मोफत आहे. त्यावर एक जुना, रास्त आक्षेप होता: लावलेला फिल्टर नंतर बदलता येत नसे. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत ती सोय झाली. पूर्वी पैसे मोजून घ्यावं लागणारं ॲफिनिटीही ऑक्टोबर 2025 पासून मोफत झालंय. त्यासाठी कॅनव्हाचं मोफत खातं तेवढं काढावं लागतं. लॅपटॉपच नसेल तर फोनवरचं स्नॅपसीड पुरतं. त्यात कर्व्ह आहे, डाग काढायचं साधन आहे, आणि डीएनजी स्वरूपातली रॉ फाइलही उघडते.

फोटोशॉप कुणालाच नको, असं मी म्हणत नाही. लग्नाचे करिझ्मा अल्बम करणाऱ्यांचं सगळं काम पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलींच्या, टेम्प्लेटवर चालतं. जिम्पमध्ये पीएसडी उघडते, पण त्यातले काही इफेक्ट बिघडतात. स्टुडिओत नोकरी धरायची असेल तर तिथं फोटोशॉपच यावं लागतं. अशांनी त्याची वर्गणी भरावी आणि तो खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात धरावा. 2013 पासून ॲडोबीनं नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायचं ठरवलं, त्यामुळे ‘एकदाच पैसे भरून कायमचं घेतो’ हा मार्ग फोटोशॉपसाठी बंद झाला आहे.

आता क्रॅककडे वळते, कारण इथं मुलांचं खरं नुकसान होतं. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घराचं कुलूप काढून ठेवण्यासारखंच आहे हे. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं खंडणीखोर व्हायरसांचं एक कुटुंब मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. ते मशीनवरच्या फायली कुलूपबंद करून 980 डॉलर मागत असे. 72 तासांत दिले तर 490. 2019 मध्ये त्याच्या जुन्या प्रकारांवर मोफत उतारा निघाला, नंतरच्या बहुतेकांवर नाही. पहिल्या वर्षाचे सगळे फोटो असे गमावलेली मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या आजीचे शेवटचे फोटो त्यात होते.

आणि कायदा. ‘वापरणाऱ्याला कोण पकडतं, विकणाऱ्याला पकडतात’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 63ब वाचा. ते वापरणाऱ्याबद्दलच आहे. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण पैसे घेऊन बारशाचे फोटो केलेत तर तो धंदाच झाला.

बाकीचे गैरसमज पटपट निकालात काढते. मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेले फोटो विकता येत नाहीत? येतात, जिम्प आणि डार्कटेबलचा परवाना व्यावसायिक वापराला आडवा येत नाही. लॅबसाठी सीएमवायके लागतं? फोटो लॅबला सहसा एसआरजीबीतली जेपीईजी हवी असते; सीएमवायके हा छापखान्याचा विषय. 300 डीपीआय केलं की फोटो सुधारतो? नुसता तो आकडा बदलून एकही पिक्सेल वाढत नाही. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटला 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात आणि 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते आधीच असतात. प्रिंट काळपट आली म्हणजे सॉफ्टवेअर स्वस्तातलं? आधी स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. तो पूर्ण वाढवून एडिट केलं की प्रिंट गडद येणारच. विकत घेतलेल्या प्रीसेटनं फोटो आपोआप चांगला होतो? प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या फोटोसाठी सरकवलेल्या स्लायडरांची जागा, तुमचा उजेड तिला माहीत नाही. आणि खरे फोटोग्राफर एडिट करतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी ॲन्सेल ॲडम्सचा 1941 चा ‘मूनराइज, हर्नान्डेझ’ बघावा. एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढं अनेक वर्षं प्रिंट काढल्या आणि डार्करूममध्ये आकाश अधिकाधिक काळं करत नेलं.

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता क्रॅक असेल तर आज एवढं करा. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मग क्रॅक काढून टाका, अँटीव्हायरस चालू करून पूर्ण मशीन तपासा, आणि नवं सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.