लोडर पुढे, वजन मागे



उन्हाळ्यात उकिरड्यातले शेणखत शेतात टाकायची घाई असते. ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला की पाट्या वाहायचे कष्ट वाचतात. लोडर घेताना बकेट केवढी, उचल किती, हे आपण चौकसपणे विचारतो. मागे वजन किती लावायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

बैलगाडीत माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते, मागे जास्त झाला की उलाळते. भरलेली बकेट उचलली की ट्रॅक्टरही असाच धुरजड होतो. समजा, पुढच्या व मागच्या आसांत 2 मीटर अंतर आहे आणि बकेटमधला 500 किलो माल पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे आहे. तर मागच्या चाकांवरचा 375 किलो भार कमी होतो आणि पुढच्या आसावर 875 किलो जादा पडतो. लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच!

यात धोका काय? बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. चाक जमिनीला नीट टेकलेच नाही, तर ब्रेक दाबून उपयोग काय? शिवाय पुढचा आस मधोमध पिनेवर झुलता असतो. ट्रॅक्टरला कलंडण्यापासून सावरतात ती मागची चाके. ती हलकी झाली आणि एखादे चाक खड्ड्यात गेले, की ट्रॅक्टर आडवा व्हायला वेळ लागत नाही.

एका गावी मी पाहिले, ट्रॅक्टर मागून उचलतो म्हणून दोन पोरे मागच्या लिंकेजवर उभी केली होती. मी काम थांबवायला सांगितले. मालक म्हणाले, "साहेब, पाच मिनिटांचं तर काम आहे." अहो, बकेट एकदम खाली आली की मागचा भाग आपटतो. पोराचा हात सुटला तर ते थेट चाकाखाली! वजनासाठी माणूस कधीही उभा करू नका.

काहीजण मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, चाकांना लोखंडी वजने लावतात. त्याने मागचे चाक जड होते, हे खरे. पण पुढच्या आसावरचा ताण तसाच राहतो. वजन मागच्या आसाच्याही मागे, लिंकेजवर हवे. वरच्याच ट्रॅक्टरला मागच्या आसामागे 1 मीटरवर 400 किलो लावले, तर मागच्या आसावर 600 किलो भार वाढतो आणि पुढचा 200 किलोने हलका होतो.

यासाठी लोखंडी पेटी गावच्या वेल्डरकडूनही होते, फक्त जोडणीच्या पिना व कान मजबूत हवेत. 60 सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच पेटी काँक्रीटने भरली तर आतला माल सुमारे 430 किलो होतो; कोरडी वाळू भरली तर 290 च्या आसपास. आपल्या ट्रॅक्टरला नेमके किती वजन लागते, ते लोडरच्या पुस्तिकेत पाहा. अंदाजाने ठरवू नका. हायड्रॉलिकच्या उचल क्षमतेपेक्षा जास्त लावू नका.

आणि हो, मागे वजन लावले म्हणून बकेटमध्ये जास्त माल भरायचा नाही. लोडरची ताकद त्याने वाढत नाही. चालताना बकेट जमिनीपासून फूट-दीड फुटावर ठेवा, दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या. भरलेल्या बकेटने उतार उतरायचा असेल तर रिव्हर्समध्ये, हळू उतरा.

पेटी आधी जोडावी, मग लोडर बसवावा. काढताना आधी लोडर, मग पेटी. लोडर काढून पेटी तशीच ठेवली आणि मागे भरलेली ट्रॉली लावून चढ चढलात, तर ट्रॅक्टर उलाळेल, पुढची चाके उचलतील आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी वळणार नाही. काढलेली पेटी सपाट, टणक जागेवर ठेवा; पोरे त्यावर चढून खेळतात, म्हणून ती डुगडुगत नाही ना, हे हाताने ढकलून पाहा.