परिसरातून विज्ञान : होडीच्या इंजिनाची पेट्रोल लाइन



आपल्या कोकण किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकल्या जातात, आउटबोर्ड इंजिन घरात नाहीतर पडवीत येतं. मग ऑगस्ट उजाडतो, नारळी पौर्णिमा जवळ येते आणि वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, पप्पांचं मशीन खोकतंय." मशीन सुरू होतं, थोडं चालतं, खोकतं आणि बंद पडतं. किनाऱ्यावर बंद पडलं तर वैताग एवढाच. पण खाडीच्या मुखाशी, जिथे लाटा फुटतात तिथे बंद पडलं तर होडी आडवी होते आणि खडकावर जाते. म्हणून हा विषय आपल्या मुलांच्या घरचा आहे.

खोकणाऱ्या इंजिनाचा दोष बऱ्याचदा इंजिनात नसतोच. तो असतो टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या वाटेत. ही वाट अशी : पेट्रोलची सुटी टाकी, त्यातून निघणारा रबरी पाइप, पाइपच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा (याला कोणी बल्ब म्हणतं, कोणी पंप), मग इंजिनाला जोडणारा कनेक्टर, फिल्टर, इंजिनावरचा छोटा पेट्रोल पंप आणि शेवटी कार्बोरेटर. यात लोखंड, ॲल्युमिनियम आहेच, पण जागोजागी रबर आहे. पाइप रबराचा, बल्ब रबराचा, कनेक्टरमधली गोल रिंग रबराची, पंपातला पातळ पडदाही तसाच. आणि या सगळ्यात रबर आधी म्हातारं होतं. ऊन, खारी हवा आणि पेट्रोल यांनी ते कडक होतं, त्याला भेगा पडतात. होडी चालली नाही तरी हे थांबत नाही बरं का. दोन महिने नुसतं पडून राहिलेलं इंजिन "विश्रांती घेतलेलं" असतं, ही समजूत काढून टाकायला हवी.

आता खरी गंमत. पाइपला भेग पडली तर पेट्रोल गळेल आणि आपल्याला दिसेल, असं आपण धरून चालतो. पण इंजिन चालू असताना पंप टाकीतलं पेट्रोल ओढत असतो. ओढणाऱ्या पाइपला बारीक भेग असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. पाइप कोरडा, खाली थेंब नाही, आणि इंजिन मात्र हवा पिऊन खोकतंय!

वर्गात हे दाखवायला एक स्ट्रॉ आणि टाचणी पुरे. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉला पाण्याच्या वरच्या भागात टाचणीने भोक पाडा आणि मुलांना ओढायला सांगा. पाण्याबरोबर बुडबुडे येतील, ओढायला जास्त जोर लागेल, पण भोकातून थेंबही बाहेर पडणार नाही. मग तीच स्ट्रॉ बिनसुईच्या इंजेक्शनच्या नळीला घट्ट बसवून, स्ट्रॉचं दुसरं टोक बोटाने बंद करून पाणी ढकला. त्याच भोकातून चिळकांडी उडेल. ओढताना हवा आत, ढकलताना पाणी बाहेर. चौथी-पाचवीच्या मुलांना हे एकदा दिसलं की परत सांगावं लागत नाही. घरी हीच युक्ती बल्बने करता येते. इंजिन बंद ठेवून बल्ब घट्ट होईपर्यंत दाबायचा आणि पाइपवरून, जोडांवरून कोरडं फडकं फिरवायचं. आता बल्बपासून इंजिनापर्यंतच्या पाइपात दाब आहे, त्यामुळे भेग असेल तर फडकं ओलं होतं. टाकी ते बल्ब हा तुकडा मात्र असा तपासता येत नाही, तो वाकवून डोळ्यांनीच बघावा लागतो.

बल्बच्या आत दोन एकमार्गी झडपा असतात, हातपंपात असते तशा. हृदयातल्या झडपा शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. बल्बवरचा बाण नेहमी इंजिनाकडे हवा. कितीही दाबलं तरी बल्ब घट्टच होत नसेल तर कुठून तरी हवा येते आहे किंवा झडप गेली आहे. उलट, इंजिन चालू असताना बल्ब आपोआप चपटा होत असेल तर बल्बच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला, काहीतरी अडलं आहे. पुष्कळदा ते "काहीतरी" म्हणजे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो उघडायचा राहून गेलेला असतो! तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो, तेच इथे. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत.

आता पेट्रोलबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत तेच बदललं आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२२ मध्ये त्याचं प्रमाण १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. उसाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, त्यावर वाद घालायचा नाही. पण बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं आणि कोरडं झालं की तडकतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळही इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे "हाच पाइप वडिलांच्या वेळेपासून आहे" हे आता कौतुकाने सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. साधं पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत, पाणी जड म्हणून तळाशी बसतं. इथेनॉल मात्र पाण्यात सहज मिसळतं आणि दमट हवेतली वाफही ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर पडवीत राहिली तर आत पाणी जमत जातं. ते ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरतं. आणि टाकीतली ओढनळी तळापर्यंतच गेलेली असते! टू-स्ट्रोक इंजिनात धोका आणखी वाढतो, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं. तळाचं ऑइल नसलेलं मिश्रण इंजिनात गेलं तर पिस्टन जाम होऊ शकतो. वर्गात पेट्रोल आणून हे दाखवायच्या फंदात कृपया कोणी पडू नका. गोडं तेल आणि रंगीत पाणी काचेच्या बाटलीत हलवून ठेवलं तरी थर कसे बसतात ते समजतं.

मग करायचं काय? बंदी लागण्याआधी टाकी रिकामी करून, कोरडी करून ठेवावी. ते पेट्रोल ताजं असतानाच वापरून टाकावं. इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून, पेट्रोल पाइप काढून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. नाहीतर त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर बारीक भोकं बुजवतो. पाण्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, ते पाण्यानेच थंड होतं.

जुलैअखेर मेकॅनिककडे गर्दी होण्याआधी पाइप हातात घेऊन वाकवावा. वाकवल्यावर भेगा दिसल्या, पाइप लाकडासारखा कडक किंवा बोटाला चिकट लागला, तर तो गेला. माझं स्पष्ट मत आहे की पाइप बदलायचा तर बल्ब आणि कनेक्टरच्या रिंगाही त्याच वेळी बदलाव्यात. सगळ्यांचं वय एकच असतं, आणि इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याची पारदर्शक नळी मात्र लावू नये, कितीही स्वस्त असली तरी. होडीसाठी बनवलेल्या पेट्रोल पाइपवर छाप असतो, आयएसओ ७८४० (आग काही वेळ सोसणारा) किंवा आयएसओ ८४६९. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, साधे क्लॅम्प खाऱ्या हवेत गंजतात. नवा पाइप बसवला की त्यावर पक्क्या शाईने तारीख लिहायची. हे काम मुलांना द्या, ती विसरत नाहीत. पंपातला पडदा आणि कार्बोरेटर मात्र जाणत्या मेकॅनिकनेच उघडावा.

गणिताच्या तासालाही यातून उदाहरण मिळतं. ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल असं प्रमाण असेल तर २४ लिटरच्या टाकीत किती ऑइल? लिटरला २० मिली, म्हणजे ४८० मिली. ज्यांच्या घरी होडी आहे ती मुलं हे तोंडी सांगतात, आणि पुस्तकातल्या गुणोत्तराला अडतात. सुरुवात इथून करून पाहा.

पालकांना एक विनंती. टाकीतलं जुनं पेट्रोल काढताना पाइप तोंडाने ओढायची सवय अनेकांना आहे आणि मुलं ते बघतात. ओढताना पेट्रोल फुप्फुसात गेलं तर एवढ्याशा घोटानेही जीव धोक्यात येतो. असं झालं तर ओकारी काढू नये, सरळ दवाखाना गाठावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून टाकी होडीत न भरता खाली उतरवून, उघड्यावर भरावी. आणि जुनं पेट्रोल काढायला तोंड कशाला हवं? पाइपवरचा बल्ब त्याच कामाचा आहे. इंजिनाकडचं टोक डब्यात सोडायचं आणि बल्ब दाबायचा. कनेक्टर लावलेलाच असेल तर त्यातली झडप बंद असते, तेवढा तो आधी काढून घ्यावा लागतो.