नाव सापडेपर्यंत

भांडुप स्थानकातून पश्चिमेस बाहेर पडून टेंभीपाड्याच्या दिशेने चालू लागले, की थोड्याच वेळात रस्ता सपाटी सोडून चढणीस लागतो, आणि पुढे तोही आटोपून, कोकणातून आलेली आमच्याकडची माणसे ज्यांना अद्याप पाखाडी म्हणतात, त्या दगडी पायऱ्या तेवढ्या उरतात. या पायऱ्यांवरून दर पंधरवड्यास एक बाई मुलाला कडेवर घेऊन सकाळच्या गाडीसाठी उतरताना मी कैक वेळा पाहिली आहे. मुलगा सात वर्षांचा, पण अंगलटीने चार वर्षांचा वाटावा असा. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे. बाईच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि तीत चार वर्षांचे केसपेपर.

ती चार वर्षे म्हणजे या मुलाच्या आजाराचे नाव शोधण्याची वर्षे होत. प्रथम जंतांचे औषध झाले. मग पांथरी वाढलेली दिसल्यावरून हिवतापाचे. मग रक्त कमी म्हणून लोहाच्या बाटल्या झाल्या. मध्यंतरी दृष्ट काढून झाली आणि गावच्या देवाला कौलही लावून झाला. नाकातून रक्त येई, रात्री हाडे ठणकत, आणि प्रत्येक नव्या दवाखान्यात माउलीला तीच हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंना या साऱ्या लक्षणांचा एकमेकांशी काही संबंध असावा अशी शंका आली, त्यांनी रक्ताची एक विशिष्ट तपासणी करविली, आणि आजाराला नाव मिळाले.

हा आजार फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने 1882 साली प्रथम वर्णिला. आपल्याकडे त्याला गौचर म्हणतात. शरीरातील प्रत्येक पेशीत जुन्या, निकामी द्रव्यांचे विघटन करणारी एक यंत्रणा असते, आणि त्या कामी निरनिराळी विकरे, म्हणजे एन्झाइमे, नेमलेली असतात. त्यांपैकी एक विकर जन्मतःच अपुरे असले, की एका जातीचा स्निग्ध पदार्थ न मोडता साचत जातो. घंटागाडी आठवडाभर न फिरकल्यास चाळीच्या तोंडाशी जे होते, तेच मग पांथरीत, यकृतात आणि अस्थिमज्जेत होते. पोट फुगते ते यामुळे; रक्त घटते, ते वाहू लागले तर लवकर थांबत नाही आणि हाडे दुखतात, तीही यामुळेच.

गौचर हा विरळ आजारांपैकी एक. अशा आजारांची संख्या सुमारे सात हजार असून त्यांतील बहुतेक आनुवंशिक आहेत. विरळ कशास म्हणावे याविषयी देशोदेशींचे दंडक भिन्न आहेत: युरोपात दहा हजारांत पाचांहून अधिक नाहीत असा आजार, तर अमेरिकेत दोन लाखांहून कमी लोकांना असलेला. एकेक आजार घेतला तर रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. परंतु सात हजारांची बेरीज केली, तर विरळ आजार झालेले माणूस आपल्या आळीतही असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याचे दुर्दैव असे, की ज्या डॉक्टरांकडे ते जाते त्यांनी असा रुग्ण उभ्या हयातीत पाहिलेला नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापायी अनेक घरांत स्त्रियांचा अकारण छळ होतो. गौचरसारख्या आजारात सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्हींकडून यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. म्हणजे सासरच्या मंडळींना दोषाची वाटणी करावयाचीच असेल, तर ती निम्मी निम्मी करावी लागेल! मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जी चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, तिच्यात एकाच पूर्वजाचे सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता वाढते. पहिल्या मुलाच्या आजाराचे नाव कळले, तर पुढच्या खेपेस गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते. नाव न कळल्यास तीही वाट बंद.

ही बाई ज्या गाडीने जाते ती धीमी लोकल भांडुपपासून नवव्या स्थानकाला, परळला, तिला उतरवते, आणि तेथून ती केईएम रुग्णालयात जाते. कोणत्याच चौकटीत न बसणाऱ्या रुग्णांचा माग काढणे या शहराला नवे नाही. 1952 साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी याच मुंबईत एक विलक्षण गोष्ट जगापुढे मांडली होती. काही जणांचे रक्त ए, बी, एबी आणि ओ या चार ज्ञात गटांपैकी कशातच बसेना. ओ गटासारखे भासे, पण ओ गटाचे रक्तही त्यास चालत नसे. तपासणीत चूक झाली असे म्हणून तो कागद बाजूला सारणे सोपे होते. या मंडळींनी त्या विसंगतीचा पिच्छा पुरविला, आणि वैद्यकाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ मिळाला. आज त्या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त शोधून देता येते, कारण गटाला नाव आहे आणि दात्यांच्या नावांची यादी ठेवता येते. मुलाचे पोट पाहून ज्यांना शंका आली, त्या डॉक्टरीणबाई मला याच परंपरेतल्या वाटतात.

नाव मिळाल्यावर इलाजाचा प्रश्न उभा राहतो. विरळ आजारांपैकी फारच थोड्यांवर आज निश्चित औषध आहे, आणि गौचर हा त्या थोड्या भाग्यवंतांपैकी एक. उणे असलेले विकर बाहेरून शिरेवाटे देण्याची उपचारपद्धती 1991 साली अमेरिकेत मान्य झाली. पंधरा दिवसांतून एकदा काही तास सलाइनसारखे ते चढवावे लागते, आणि तेही जन्मभर. मात्रा ठरते वजनावर. उपचार लागू पडून मूल बाळसे धरू लागले, की त्याच प्रमाणात औषधाचा खर्चही वाढतो. काट्यावर लेकराचे वजन दोन किलो वाढलेले पाहून जिला आनंदाबरोबर धडकी भरावी, अशी आई मी याच आजारापायी पाहिली. खुद्द केंद्र सरकारच्या धोरणपत्रात नमूद आहे, की दहा किलो वजनाच्या मुलाच्या औषधाचा वार्षिक खर्च आजारागणिक 10 लाखांपासून 1 कोटीच्या वर जातो.

विरळ आजारांविषयीचे हे राष्ट्रीय धोरण मार्च 2021 मध्ये जाहीर झाले. त्यात आजारांचे तीन गट पाडले आहेत: एकदाच उपचार करून बरे होणारे, दीर्घकाळ परंतु तुलनेने अल्प खर्चाचे उपचार लागणारे, आणि औषध असूनही ते अत्यंत महाग व आजन्म घ्यावे लागणारे. देशातील काही रुग्णालये या कामासाठी उत्कृष्टता केंद्रे म्हणून नेमली गेली, त्यांत केईएम आहे. आणि 2022 पासून कोणत्याही गटातील रुग्णास अशा केंद्रामार्फत 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. व्यक्तिगत वापरासाठी मागविलेल्या अशा औषधांवरील आयात जकात एप्रिल 2023 पासून माफ झाली. त्यापूर्वी, 2021 साली, मुंबईच्या एका तान्ह्या मुलीच्या स्नायुक्षयावरील सुमारे 16 कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी वर्गणी जमविली, तेव्हा त्यावरील कर स्वतंत्र हुकुमाने माफ करावा लागला होता.

ही तजवीज मोलाची आहे. पण ज्याला औषध आजन्म हवे त्याचे 50 लाख संपल्यावर काय, याचे उत्तर तिसऱ्या गटातील कुटुंबे अद्याप शोधत आहेत. आशा वाटते ती देशी औषधनिर्मितीमुळे. यकृत व मेंदूत तांबे साचविणाऱ्या विल्सनच्या आजारावरील ट्रायएन्टिन, टायरोसिनेमियावरील निटिसिनोन, गौचरवरील एलिग्लुस्टॅट ही औषधे येथेच तयार होऊ लागल्याचे सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केले. ज्या निटिसिनोनला वर्षाकाठी सुमारे 2 कोटी 20 लाख पडत, ते सुमारे अडीच लाखांवर आले. धर्मादायाला जे साधले नसते, ते कारखान्याने साधले.

परंतु औषध स्वस्त झाले तरी ते कोणासाठी लिहावयाचे हे आधी कळले पाहिजे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घेऊन कित्येक जन्मजात दोष ओळखता येतात. ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभीच रूढ केली, आणि आपल्या शेजारच्या गोव्याने 2008 साली सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रातील प्रत्येक प्रसूतिगृहात ती व्हावी, असे मला कळकळीने वाटते. तोवर आईबापांनी एवढे अवश्य करावे: मुलाची वाढ खुंटली, शिकलेल्या गोष्टी ते विसरू लागले, एकाच घरात दोन मुले सारख्या लक्षणांनी आजारी झाली, तर जनुकीय आजारांच्या तज्ज्ञाकडे जाण्याचा आग्रह धरावा, आणि एकही केसपेपर फेकू नये. पहिल्या दवाखान्यात निरर्थक वाटलेली नोंद पाचव्या दवाखान्यात निर्णायक ठरते.

परवा पायऱ्यांवर ती बाई भेटली. मुलगा कडेवर नव्हता. कठड्याला धरून एकेक पायरी स्वतः उतरत होता. पिशवी तशीच फुगलेली होती, पण आता आजाराचे नाव लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने सर्वांत वर ठेवला आहे. “आधी कुणी विचारलं, पोराला काय झालंय, की मला रडूच यायचं,” ती म्हणाली, “आता हा कागद पुढं करते.” मुलगा दोन पायऱ्या पुढे जाऊन थांबला होता आणि गाडी चुकेल म्हणून आईला हाका मारत होता.