लोणारला पाणी किती न्याल?

परीक्षा संपताच घरच्यांबरोबर लोणारचा बेत आखाल, तर आधी एक हिशेब करा. उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १५० मीटर खोल आहे. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला तेवढे चढण्यासाठी ५० × ९.८ × १५० = ७३,५०० ज्यूल कार्य करावे लागते. स्नायू त्याच्या सुमारे तिप्पट उष्णता निर्माण करतात. ग्रॅमभर घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल नेतो. म्हणजे शंभरेक ग्रॅम घामात भागते!

मग एवढी तहान कशाची? उन्हाची. भर दुपारी दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे १,००० ज्यूल ऊर्जा येते. पाव चौरस मीटर अंग उन्हात असले, तर चढणीइतकी उष्णता पंधरा मिनिटांतच अंगावर पडते. म्हणून सकाळीच उतरा, ऊन चढण्याआधी वर या. (आजीआजोबांनी विवर काठावरूनच पाहावे.) पाणी माणशी दोन लिटर न्याच, तळ्याचे पाणी अल्कधर्मी व खारट आहे, उकळूनही त्यातले क्षार जात नाहीत.