डुकरांमधलं कृत्रिम रेतन: वीर्य गोठवून का चालत नाही?

गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन महाराष्ट्रातल्या गावागावांत पोहोचलं आहे. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून एक बारीक नळी काढायची, कोमट पाण्यात वितळवायची आणि काम झालं. मग वराहपालन करणाऱ्यांना हीच सोय सहज का मिळत नाही? याचं उत्तर डुकराच्या वीर्यातच दडलेलं आहे.

१७ अंशांचं गणित

वळूचं वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतं. डुकराच्या शुक्राणूंना मात्र थंडी सोसत नाही. त्यांच्या बाह्य आवरणात कोलेस्टेरॉलचं प्रमाण कमी असल्याने तापमान झपाट्याने उतरलं की ते आवरण फाटतं. गोठवलेलं वीर्य वापरता येतं, पण गर्भधारणेचं प्रमाण आणि पिल्लांची संख्या दोन्ही घटतात.

म्हणून जगभरात प्रामुख्याने ताजं, पातळ केलेलं वीर्य वापरतात. ते साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवावं लागतं. घरातल्या फ्रिजचं ४ अंश तापमान त्याला मारक, आणि उन्हाळ्यातली खोलीही मारक. शिवाय मिसळलेल्या द्रावणानुसार ते ३ दिवसांपासून सुमारे आठवडाभरच टिकतं. म्हणजे वीर्य केंद्र जवळ नसेल, तर तंत्रज्ञान असूनही उपयोग नाही.

मात्रेचाही फरक आहे. गायीला पाव मिलिलीटर पुरतं. डुकरिणीला एका वेळी ८० ते १०० मिलिलीटर आणि २ ते ३ अब्ज शुक्राणू लागतात.

मग फायदा काय?

नैसर्गिक पद्धतीत १५ ते २० माद्यांमागे एक नर पाळावा लागतो. वर्षभर त्याचा खुराक आला, जागा आली. कृत्रिम रेतनात एका वेळच्या वीर्यातून साधारण १५ ते २५ मात्रा तयार होतात. एका उत्तम नराचा लाभ अनेक छोट्या शेतकऱ्यांना मिळतो.

दुसरा फायदा रक्त बदलण्याचा. गावात एकच नर फिरत राहिला की काही वर्षांत तो स्वतःच्याच पिढीवर जातो. पिल्लं कमी होतात, अशक्त निघतात. बाहेरून वीर्य आणलं की हे टळतं.

माज चुकला, तर २१ दिवस गेले

डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दोन-तीन दिवसच टिकतो. योनी लाल होऊन सुजते, खाणं कमी होतं, ती अस्वस्थ होते. खरी खूण वेगळी: पाठीवर हाताने दाब दिला की ती कान टवकारून जागच्या जागी थांबते. नराचा वास आला, तर ही खूण अधिक स्पष्ट दिसते. म्हणून कृत्रिम रेतन करणाऱ्या फार्मवरही एखादा नर ठेवतात.

माज ओळखल्यावर १२ ते २४ तासांच्या अंतराने दोनदा रेतन करतात. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस. चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला दोनपेक्षा थोडी जास्त वेतं मिळतात. माज हुकला, की तीन आठवड्यांचं खाद्य फुकट.

कोणती जात कोणाशी?

व्यावसायिक फार्मवर तीन जातींचा संकर रूढ आहे. लँडरेस आणि लार्ज व्हाइट यॉर्कशायर यांच्या संकरातली मादी भरपूर पिल्लं देते, दूध चांगलं पाजते. तिला ड्युरॉक नराचं वीर्य देतात, कारण ड्युरॉकची पिल्लं झपाट्याने वाढतात.

भारतात स्थानिक जातीही वापरल्या गेल्या. गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि उत्तर बंगालची घुंगरू यांच्या संकरातून 'राणी' ही जात तयार केली. गोव्यातली 'अगोंदा गोवन' ही देशी जातही अधिकृतपणे नोंदणीकृत आहे.

धोका कुठे?

२०१९ च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरं होती, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्के कमी. सर्वाधिक आसाममध्ये. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातच आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांसाठी तो जीवघेणा आहे आणि त्यावर उपचार नाहीत.

इथे कृत्रिम रेतन दुधारी ठरतं. गावोगाव फिरणारा नर थांबला, की संसर्गाची एक वाट बंद होते. पण हा विषाणू वीर्यातूनही जाऊ शकतो. केंद्रातला एक बाधित नर अनेक फार्म बुडवू शकतो. त्यामुळे नरांची नियमित तपासणी ही कागदी औपचारिकता नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये पीआरआरएस या रोगाला दाद न देणाऱ्या, जनुक-संपादित डुकरांना मंजुरी मिळाली. भारतातल्या छोट्या पशुपालकाची गरज याहून साधी आहे: तपासलेल्या नराचं वीर्य, १७ अंश राखणारी पेटी आणि माज ओळखणारी नजर. यातली एक कडी निसटली, तरी महागडी मात्रा वाया जाते.